आफ्रिकेची सफारी कोणत्या महिन्यात? सुट्टी, पाऊस आणि प्राणी यांचा मेळ कसा घालायचा

‘आफ्रिकेला जायचा सीझन कोणता?’ असं कुठल्याही टूरवाल्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: जुलै ते ऑक्टोबर. हे चूक नाही, पण अर्धंच आहे. एक तर नैरोबी आणि जोहान्सबर्ग यांच्यात विमानाने चार तासांचं अंतर आहे, आणि दोन्हीकडचा पाऊस वेगळ्या वेळी पडतो. दुसरं म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना महिना निवडायची मुभाच नसते. मुलांची मे महिन्याची सुट्टी, दिवाळी किंवा नाताळ, यातलंच काहीतरी पदरात पडतं. म्हणून माझा सल्ला एका ओळीत सांगतो: महिना मोकळा असेल तर आधी काय बघायचं ते ठरवा, महिना ठरलेला असेल तर देश बदला. मे महिन्यात केनियाच हवा म्हणून हट्ट धरण्यात अर्थ नाही.

आधी पाऊस समजून घ्या

ताडोबाला आपण एप्रिल-मेमध्ये का जातो? गवत वाळलेलं असतं, झाडं उघडी पडलेली असतात, बाकीचं पाणी आटलेलं असतं, त्यामुळे वाघ मोजक्या पाणवठ्यांवर येतो. आफ्रिकेतही तर्क अगदी हाच आहे. फक्त तिथला कोरडा काळ आपल्या उन्हाळ्यात येत नाही.

केनिया आणि टांझानिया विषुववृत्ताला लागून आहेत, त्यामुळे तिथे वर्षातून दोनदा पाऊस येतो. मोठा पाऊस साधारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. छोटा पाऊस नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे कोरडे काळही दोन: जून ते ऑक्टोबर हा लांबलचक, आणि जानेवारी-फेब्रुवारी हा छोटा. या दुसऱ्या काळाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

दक्षिणेकडे, म्हणजे दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना, नामिबिया, झिंबाब्वे आणि झांबियात, पाऊस एकदाच: नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मेपासून जंगल वाळायला लागतं. जून-जुलै हा तिथला हिवाळा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला रणरणता उन्हाळा. झांबियातल्या साउथ लुआंग्वामध्ये ऑक्टोबरच्या दुपारी माणसं हैराण होतात, पण नदीकाठी प्राण्यांची जी गर्दी होते तीही त्याच दिवसांत.

पावसात नेमकं काय अडतं? प्राणी कुठे जात नाहीत, पण सगळीकडे पाणी असल्यामुळे ते विखुरतात आणि उंच गवतात सिंह दहा फुटांवर बसलेला असला तरी दिसत नाही. त्याहून मोठी अडचण रस्त्यांची. केनियातल्या मसाई मारा या राखीव जंगलातली माती ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यातलीच काळी माती. तिथलेही तिला कपाशीची काळी मातीच म्हणतात. एक दणका पाऊस झाला की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. टायरच्या खाचा चिखलाने भरून चाक गुळगुळीत होतं, लँड क्रूझर पुढे जाण्याऐवजी आडवी सरकते, आणि ओढ्याच्या उतारावर एकदा रुतली की दुसरी गाडी दोर लावून ओढेपर्यंत तासभर बसून राहायचं. सकाळच्या फेरीतला तो तास परत मिळत नाही.

काय बघायचं ते ठरवा: स्थलांतर हवं असेल तर

आफ्रिकेचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतं ते वाइल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचं स्थलांतर. तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट, सोबत दोन लाखांवर झेब्रे आणि लाखो गॅझेल हरणं. हा एखाद्या महिन्यात होणारा कार्यक्रम आहे असा समज असतो, पण हे कळप वर्षभर चालतच असतात. पावसामागे आणि कोवळ्या गवतामागे ते टांझानियातलं सेरेंगेटी आणि त्याला लागून असलेलं केनियातलं मारा यांच्यात गोल फिरतात. त्यामुळे ‘स्थलांतर कधी असतं?’ याऐवजी ‘या महिन्यात कळप कुठे असतो?’ असं विचारा.

जानेवारी ते मार्च कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या मैदानांवर असतो. इथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवत आखूड पण खनिजांनी भरलेलं. पिलांना पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांच्या आत बहुतेक माद्या वितात. पिलू काही मिनिटांत पायांवर उभं राहतं आणि आईमागे धावायला लागतं. त्याला पर्यायच नसतो, कारण चित्ते, तरस आणि सिंह तिथेच बसलेले असतात. गवत आखूड असल्याने चित्त्याची शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने नदी ओलांडण्याच्या दृश्यामागे लागण्यापेक्षा फेब्रुवारीत न्दुतू गाठावं.

एप्रिल-मेमध्ये कळप वायव्येकडे सरकतो. जूनमध्ये तो ग्रुमेटी नदीच्या आसपास असतो. जुलैच्या मध्यापासून मारा नदी, आणि ऑक्टोबरपर्यंत नदीच्या दोन्ही तीरांवर ये-जा. नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेची वाट.

नदी ओलांडतानाचं दृश्य, ज्याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात, ते वेळापत्रकात बसत नाही. काठावर हजारो जनावरं जमतात. पुढची पाण्यापर्यंत उतरतात, वास घेतात, थबकतात. मागून रेटा येतो, धुळीने समोरचं काही दिसेनासं होतं. मग एक झेब्रा बिचकून मागे फिरतो आणि सगळा कळप वर चढून पुन्हा चरायला लागतो. दोन-तीन तास गाडीत बसलेली माणसं डबा उघडतात, आणि नेमकं तेव्हा कुठून तरी एक उडी पडते. पुढच्या काही मिनिटांत अख्खा कळप पाण्यात असतो. कधी दिवसभर थांबूनही काहीच होत नाही. म्हणून क्रॉसिंगच हवं असेल तर माराकाठी निदान चार रात्री ठेवा. आपल्याकडच्या केनियाच्या पॅकेजमध्ये अंबोसेली एक रात्र, नाइवाशा एक, नाकुरू एक आणि मारा दोन अशी धावाधाव असते. त्यातले दोन मुक्काम सरळ काढा आणि त्या रात्री माराला जोडा. नैरोबीहून मारापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास लागतात. रोज बॅगा आवरून असे प्रवास करण्यात सफारीचे अर्धे दिवस जातात.

आणखी एक: मारा नदी टांझानियातूनही वाहते. सेरेंगेटीच्या उत्तरेला कोगाटेंडे भागातही क्रॉसिंग होतं, आणि तिथे गाड्यांची गर्दी बऱ्याचदा कमी असते.

इतर प्राणी, इतर महिने

हत्ती हवे असतील तर टांझानियातलं तारांगिरे, जुलै ते ऑक्टोबर. आसपासचं पाणी आटलं की शेकडो हत्ती तारांगिरे नदीवर उतरतात, मागे गोरखचिंचेची प्रचंड झाडं. बोट्सवानातल्या चोबे नदीवर हेच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेही नावेतून.

किलीमांजारोसमोरचे हत्ती हा फोटो हवा असेल तर अंबोसेली. पण ५,८९५ मीटर उंचीचा तो डोंगर जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ढगात असतो. जानेवारी-फेब्रुवारीत, पहाटे आणि संध्याकाळी, तो जास्त वेळा उघडा मिळतो. जुलैमध्ये जाऊन ‘डोंगर दिसलाच नाही’ असं म्हणणारे खूप भेटतात.

ओकावांगोचा प्रकार उलटा आहे. बोट्सवानातल्या या त्रिभुज प्रदेशात पाणी येतं ते अंगोलाच्या डोंगराळ भागातल्या पावसाचं. जमीन इतकी सपाट, की ते पाणी पोहोचायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे स्थानिक पाऊस संपून सगळं कोरडं पडलेलं असताना, जून ते ऑगस्टमध्ये, तिथे पूर भरात असतो. मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरायचं असेल तर हाच काळ.

रानकुत्र्यांचं वेड असेल तर दक्षिणेकडे जून ते ऑगस्ट बघा. पिलं बिळात असताना टोळी एकाच जागेजवळ राहते; एरवी ती दिवसाला कुठल्या कुठे निघून जाते.

नामिबियातलं इतोशा कोरड्या काळात, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर, सर्वांत सोपं. पाणवठ्यावर गाडी लावायची आणि बसायचं. ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा रात्री दिव्यांनी उजळलेला असतो, तिथे काळा गेंडा येतो. तंगडतोड न झेपणाऱ्या आई-बाबांना नेणार असाल तर याचा जरूर विचार करा.

पक्षीवाल्यांचं गणित मात्र साफ वेगळं. नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे बाकीचे टाळतात तो काळ, त्यांचा. युरोप-आशियातून आलेले पाहुणे पक्षी असतात, स्थानिक पक्षी विणीच्या रंगात असतात. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ज्याच्यासाठी आपण दुर्बिणी घेऊन धावतो, तो अमूर ससाणा आपल्याकडून निघून अरबी समुद्र ओलांडून तिकडेच जातो.

सुट्टी ठरलेलीच असेल तर

इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर.

मे महिना. केनिया-टांझानियासाठी हा वाईट पर्याय. १ मे २०२४ ला मारातली तालेक नदी पात्र सोडून कॅम्पमध्ये शिरली आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. दरवर्षी असं होत नाही हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये बरेच कॅम्प स्वतःहूनच बंद असतात, यावरून काय ते समजा. मेमध्ये दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर धरा. पाऊस संपलेला, पानगळ सुरू, डास कमी, हवा प्रसन्न. जूनअखेर तिथल्या शाळांना सुट्ट्या लागतात, त्याआधीची ही शांतता. मुलं अगदी लहान असतील आणि मलेरियाची धास्ती वाटत असेल तर पिलानेसबर्ग किंवा माडिक्वे हे मलेरियामुक्त पर्याय आहेत. व्हिक्टोरिया धबधबा जोडणार असाल तर मेमध्ये तो भरभरून वाहत असतो, इतका की तुषारांमुळे समोरचा कडा दिसत नाही. छत्री असून नसल्यासारखी. चोबेचे हत्ती मात्र तेव्हा पूर्ण जमलेले नसतात. दोन्ही हवं असेल तर जून-जुलै हा त्यातला सुवर्णमध्य. केपटाउनबद्दल सावध राहा, तिथला पाऊस जून ते ऑगस्ट असतो. क्रूगर कोरडं असतं म्हणून केपटाउनही कोरडं असेल असं धरून चालू नका.

जूनचे पहिले दोन आठवडे. ही संधी आपल्याकडे फार कमी लोक घेतात. राज्यातल्या शाळा साधारण १५ जूनला उघडतात, विदर्भात तर त्यानंतर. केनियातला मोठा पाऊस तोवर ओसरलेला असतो, गवत हिरवं असतं, गर्दी सुरू व्हायची असते. आणि पैशाचा भाग: २०२४ पासून मसाई मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. चौघांचं कुटुंब, तीन दिवस, हिशेब तुम्हीच करा. कळप तेव्हा मारात नसतो, पण सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती, जिराफ, पाणघोडे हे मारातले कायमचे रहिवासी आहेत. ते कुठे जात नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबर. क्रॉसिंगचे खरे दिवस, आणि नेमका आपला गणपती. घरी दहा दिवसांचा गणपती असेल तर विसर्जनानंतर निघा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा मारासाठी उत्तम काळ आहे: कळप अजून तिथेच, गवत चरून आखूड झालेलं, आणि युरोप-अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्या संपल्यामुळे गाड्या कमी.

दिवाळी. इथे तारीख बघूनच बोलावं लागतं. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर मारा, इतोशा, चोबे सगळंच चालतं, दक्षिणेकडे ऊन सोसायची तयारी मात्र हवी. नोव्हेंबरच्या मध्याकडे गेली की केनियात छोटा पाऊस सुरू झालेला असू शकतो. हा पाऊस बहुधा दुपारनंतर सर येऊन जाणारा असतो, सकाळची फेरी मिळते. त्यामुळे तो अगदीच बाद नाही. पण अशा वेळी व्हॅन न देता लँड क्रूझरच देणारा टूरवाला निवडणं महत्त्वाचं ठरतं.

नाताळ. २० डिसेंबर ते ५ जानेवारीत पूर्व आफ्रिका चांगली असते. छोटा पाऊस संपत आलेला, अंबोसेलीत डोंगर दिसू लागलेला, कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला उतरत असलेला. दर मात्र चढे असतात. क्रूगर या दिवसांत टाळा: उकाडा, पाऊस, दाट झाडी आणि दक्षिण आफ्रिकेची स्वतःची उन्हाळी सुट्टी, सगळं एकदम.

गोरिलांसाठी युगांडा किंवा रवांडाला जाणारे वेगळे असतात, त्यांच्यासाठी दोनच ओळी. चढ-उताराचं ओलं जंगल आहे, त्यामुळे जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी बरं. १५ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही.

त्या वर्षीचा पाऊस कसा आहे ते तपासा

वर दिलेले महिने सरासरीचे आहेत. एल निनो म्हटलं की आपल्याकडे मान्सूनची काळजी सुरू होते. पूर्व आफ्रिकेत त्याचा परिणाम बहुधा उलट होतो: ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा पाऊस जोरदार पडतो. हिंदी महासागरातला द्विध्रुव, ज्याला आपल्या हवामान बातम्यांत ‘आयओडी’ म्हणतात, तो धन असेल तरी तेच. २०१९ च्या शेवटी पूर्व आफ्रिकेने हे अनुभवलं, २०२३ मध्ये पुन्हा. दक्षिणेकडे मात्र एल निनो दुष्काळ आणतो. तेव्हा दिवाळीची सफारी ठरवत असाल आणि ऑगस्टमध्येच एल निनोच्या बातम्या येत असतील, तर केनियाऐवजी दक्षिणेचा पर्याय हाताशी ठेवा. केनियाचा हवामान विभाग प्रत्येक पावसाळ्याआधी हंगामी अंदाज देतो. बुकिंगचे उरलेले पैसे भरण्यापूर्वी तो एकदा वाचा.

थंडीचे कपडे न्या, खरंच

आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने लोक चार सुती शर्ट घेऊन जातात. मसाई माराची मैदानंच कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहेत, आणि न्गोरोन्गोरो विवराचा काठ साधारण २,३०० मीटरवर. जुलै-ऑगस्टमध्ये काठावरच्या लॉजमध्ये रात्री दात वाजतात. क्रूगरमध्ये जूनच्या पहाटे उघड्या जीपमध्ये बसलात की वाऱ्यामुळे बोटं कॅमेऱ्यावर चालत नाहीत. जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे. दुपारी मात्र अर्ध्या बाह्या. तारांगिरे आणि पश्चिम सेरेंगेटीत त्सेत्से माशी चावते. ती गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे येते, त्यामुळे ते रंग घरी ठेवा. जीन्सही त्यातच आली.

बुकिंगचा क्रम

आधी विमानाचं तिकीट काढून मग कॅम्प शोधायचा, ही आपली सवय इथे महागात पडते. जुलै ते सप्टेंबरमधले माराकाठचे चांगले कॅम्प वर्षभर आधी भरतात. आधी कॅम्पच्या तारखा पक्क्या करा, मग मुंबई-नैरोबी विमान बघा. थेट विमान सहा-एक तासांत पोहोचवतं.

कॅम्प निवडताना नकाशावर बघा: तो मुख्य राखीव क्षेत्रात आहे, हद्दीबाहेर गेटपाशी आहे, की शेजारच्या नाबोइशो, मारा नॉर्थसारख्या मसाईंच्या संवर्धन क्षेत्रात. शेवटच्या प्रकारात गाड्यांची संख्या मर्यादित असते, रस्ता सोडून जाता येतं, रात्रीची फेरी मिळते. पैसे जास्त लागतात. पण ऑगस्टच्या गर्दीत, जेव्हा एका बिबट्याभोवती वीसेक गाड्या जमतात, तेव्हा तो खर्च सार्थकी लागतो. जून किंवा फेब्रुवारीत जाणार असाल तर त्याची गरज नाही, मुख्य क्षेत्रच पुरे.

पीतज्वराची (यलो फीवर) लस सहल ठरवतानाच लक्षात घ्या. केनिया किंवा युगांडाहून भारतात परतताना प्रमाणपत्र मागतात, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं. सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे तारीख मिळायला वेळ लागतो, त्यामुळे महिनाभर आधी रांगेत लागा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल त्याच सुमारास डॉक्टरांशी बोला.

टूरवाल्याला पैसे देण्यापूर्वी लेखी विचारायच्या गोष्टी: गाडी लँड क्रूझर की व्हॅन, खिडकीची जागा प्रत्येकाला की नाही, राखीव क्षेत्राचं शुल्क दरात धरलंय का आणि कोणत्या महिन्याच्या दराने, ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यात कळप नकाशावर कुठे असतो, आणि पावसामुळे कॅम्प बंद झाला तर बदली कुठे देणार. कळपाच्या प्रश्नावर ‘सगळीकडे असतो’ असं उत्तर आलं तर दुसरा टूरवाला शोधा.